तयार कॉलम, तयार स्लॅब: प्रीकास्ट इमारतीत नेमकं काय जोडलं जातं?

पुणे-बंगळूर महामार्गावर काँक्रीटचे अख्खे कॉलम किंवा पोकळ स्लॅब लादलेला ट्रेलर दिसला की दोन प्रश्न मनात येतातच. हे तुकडे जोडून इमारत उभी कशी राहते? आणि ज्या सातारा जिल्ह्याने कोयनेचा भूकंप सोसला तिथे ती टिकेल का? २०२२ साली सिडकोने नवी मुंबईत बामणडोंगरीला ९६ घरांची बारा मजली इमारत याच पद्धतीने ९६ दिवसांत पुरी केली. त्यामुळे मिरजेत हॉस्पिटल काढणाऱ्या डॉक्टरांनी, तासगावात बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज बांधणाऱ्यांनी किंवा साताऱ्यात व्यापारी संकुल करणाऱ्यांनी ‘आपल्याकडे हे जमेल का’ असं विचारणं साहजिक आहे.

जमेल. पण ते ठरवताना बहुतेकांचं लक्ष तुकड्यांवर असतं, ते सांध्यांवर असायला हवं. प्रीकास्ट इमारतीची मजबुती आणि तिची दुखणी, दोन्ही सांध्यात असतात.

प्रीकास्ट म्हणजे काय

नेहमीच्या बांधकामात काँक्रीट जागेवर ओततात. आधी सेंट्रिंग, मग सळई, मग स्लॅब टाकायचा दिवस. प्रीकास्टमध्ये कॉलम, बीम, स्लॅब, जिना, भिंत हे सगळं वेगळ्या जागी, लोखंडी साच्यात ओतून, पक्कं करून आणतात आणि क्रेनने उचलून जागेवर बसवतात.

वाई-साताऱ्याकडचे जुने वाडे पाहिले असतील तर ही कल्पना नवी वाटणार नाही. सुतार खांब, तुळया आणि कडीपाट जमिनीवरच घडवून घेत, खाचा पाडून ठेवत आणि मग वर चढवून एकात एक बसवत. वाड्याचा सांगाडा खाचांच्या बळावर उभा राहायचा. खाच सैल राहिली की तुळई कितीही जाड असून उपयोग नसे. प्रीकास्टचंही तेच आहे. फरक एवढाच की इथे खाचेच्या जागी सळई, स्टीलची नळी आणि न आकसणारं ग्राउट असतं. ग्राउट म्हणजे सिमेंटचं पातळ, पण घट्ट झाल्यावर काँक्रीटपेक्षाही मजबूत होणारं मिश्रण.

कारखान्यात काय घडतं

साध्या इमारतीत एम २० किंवा एम २५ काँक्रीट वापरतात. प्रीकास्टमध्ये ते साधारण एम ४० ते एम ५० असतं. एम पुढचा आकडा म्हणजे २८ दिवसांनी दीडशे मिलिमीटरचा ठोकळा दाबून पाहिला तर दर चौरस मिलिमीटरला तो किती न्यूटन दाब सोसतो, ते. ठरावीक मापाने मोजलेलं पाणी, लोखंडी साचा, साच्याला लावलेले व्हायब्रेटर आणि छपराखालचं क्युरिंग यामुळे हे काँक्रीट साइटवरच्यापेक्षा एकसारखं निघतं. आपल्या भागातला काळा दगड खडीसाठी उत्तम आहे आणि क्रश सँड सगळीकडे मिळते, त्यामुळे कच्च्या मालाची इथे अडचण नाही.

मोठ्या व्यापारी इमारतीत सगळ्यात जास्त लागतो तो पोकळ स्लॅब, म्हणजे हॉलोकोअर. शंभर-दीडशे मीटर लांबीच्या लोखंडी पट्टीवर उच्च ताकदीच्या तारांचे जुडगे ताणून ठेवतात. यातल्या एका जुडग्याला स्ट्रँड म्हणतात. १२.७ मिलिमीटर जाडीचा एक स्ट्रँड साधारण १३-१४ टनांच्या ओढीने ताणलेला असतो. मशीन त्या तारांवर काँक्रीट दाबत पुढे सरकतं आणि मधे लांबट पोकळ्या सोडत जातं. काँक्रीट पुरेसं पक्कं झालं की तारा सोडतात. तारा आकसू पाहतात, काँक्रीट त्यांना धरून ठेवतं, आणि अख्खा स्लॅब कायमचा दाबाखाली राहतो. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण मात्र फारसा सोसत नाही. म्हणून वर वजन आल्यावर खालच्या बाजूला जो ताण येणार, त्याची भरपाई आधीच दाब देऊन करून ठेवलेली असते. मग करवतीने हव्या त्या लांबीचे तुकडे कापतात.

या स्लॅबची रुंदी ठरलेली असते, १.२ मीटर. ही गोष्ट आर्किटेक्टने पहिल्या दिवशी लक्षात घ्यायला हवी. खणाची रुंदी, म्हणजे बीमच्या लांबीच्या दिशेचं माप, ७.२, ८.४ किंवा ९.६ मीटर ठेवलं तर स्लॅब बरोबर सहा, सात, आठ बसतात. ८ मीटर ठेवलं तर सहा बसून ८० सेंटिमीटरची फट उरते. मग एक स्लॅब उभा चिरायचा किंवा फट जागेवर ओतून भरायची, आणि हे प्रत्येक खणात, प्रत्येक मजल्यावर. आधी नेहमीसारखा नकाशा काढून मंजुरी घेतली आणि मग प्रीकास्ट करायचं ठरवलं, तर फायद्याचा मोठा भाग इथेच निसटतो.

वेळ वाचतो कुठे

भारतीय मानक आयएस ४५६ (२०००) सांगतं की साध्या सिमेंटचं काँक्रीट असेल तर साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबखालचे टेकू किमान १४ दिवस आणि सहा मीटरपेक्षा लांब बीमखालचे टेकू किमान २१ दिवस काढायचे नाहीत. म्हणजे आठ मीटरच्या गाळ्याच्या संकुलात प्रत्येक मजल्याखाली तीन आठवडे टेकू उभे. तोवर तिथे ना भिंत, ना वायरिंग, ना फायरचा पाइप.

पोकळ स्लॅबला बहुतेक वेळा खालून टेकूच लागत नाही. बसवला की खालचा मजला मोकळा. शिवाय पायाचं काम साइटवर चालू असतानाच कारखान्यात कॉलम आणि स्लॅब तयार होत असतात. खरी बचत या दोन ठिकाणी आहे. डिझाइन, साचे आणि नकाशे पक्के करण्याची आधीची तयारी मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ खाते, आणि तिला फाटा दिला तर पुढे दुप्पट भरावं लागतं.

कारखान्यापासून साइटपर्यंत

हिशेब करून पाहू. २०० मिलिमीटर जाडीचा पोकळ स्लॅब चौरस मीटरला साधारण २७० किलो भरतो. भरीव स्लॅब असता तर ५०० किलो झाला असता. आठ मीटर लांब, १.२ मीटर रुंद तुकडा म्हणजे अंदाजे २.६ टन. चाळीस फुटी ट्रेलरवर असे नऊ तुकडे जातात. दहा हजार चौरस फुटांच्या एका मजल्याला साधारण ९७ तुकडे लागतील, म्हणजे ट्रेलरच्या अकरा खेपा. कॉलम ५०० बाय ५०० मिलिमीटरचा, १२ मीटर उंच असेल तर साडेसात टनांचा.

कारखाना पुण्याच्या आसपास असेल तर साताऱ्याचं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, वाटेत खंबाटकी घाट आहे, पण हिशेब बसतो. सांगली-मिरज त्याच्या जवळपास दुप्पट लांब, तिथे वाहतूक खर्चाचा विचार गंभीरपणे करायला हवा. काम मोठं असेल तर साइटजवळच साचे मांडून कास्टिंग यार्ड उभारणं हा चांगला मार्ग आहे. कॉलम, बीम, जिना यार्डात ओतता येतात. ताणलेल्या तारांचे पोकळ स्लॅब मात्र कारखान्यातूनच आणावेत. यार्डाची जागा कृष्णेच्या पूररेषेबाहेर हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं. इशारा ४० फुटांना मिळतो, आणि तिथून पुढे शेकडो टन तुकडे हलवायला सवड नसते.

साइटवर क्रेन निवडताना हमखास चूक होते. ‘५० टनांची क्रेन’ ५० टन उचलते ती अगदी जवळून, तीनेक मीटरवर. वीस मीटर लांब हात पसरला की तीच क्रेन जेमतेम चार-पाच टन पेलते. म्हणजे साडेसात टनांचा कॉलम तिला तिथून जमणार नाही. म्हणून क्रेन कुठे उभी राहणार, ट्रेलर कुठून येणार, काळ्या मातीवर क्रेनच्या पायांखाली काय घालणार, हे आधी कागदावर यावं लागतं. सांगलीकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात मुरुमाची जाड, दाबलेली वाट केल्याशिवाय क्रेन फिरवू नये.

उचलतानाच्या दोरांचा कोनही बघा. सहा टनांचा बीम दोन दोरांनी उचलला आणि दोर आडव्याशी ६० अंशांत असतील तर प्रत्येक दोरावर साडेतीन टन येतात. दोर आखूड घेतले, कोन ३० अंशांवर आला, तर प्रत्येक दोरावर पूर्ण सहा टन. बीम तोच, क्रेन तीच, पण दोर आणि हूक दोन्ही धोक्यात.

सांधा: इथे थांबून बघा

कॉलमवर कॉलम कसा बसतो ते जवळून पाहू. खालच्या कॉलमच्या डोक्यातून सळया वर आलेल्या असतात. वरच्या कॉलमच्या बुडात तेवढ्याच स्टीलच्या नळ्या ओतलेल्या असतात. वरचा कॉलम हळूहळू खाली घेत प्रत्येक सळई आपापल्या नळीत घालायची. मधे साधारण २० मिलिमीटरची फट लोखंडी पट्ट्यांवर तोलून ठेवायची, कॉलमला दोन दिशांनी तिरपे टेकू देऊन ओळंबा साधायचा. मग फटीची कड बाहेरून बंद करून नळीच्या खालच्या भोकातून पंपाने ग्राउट भरायचं. वरच्या भोकातून ते सलग, बुडबुड्यांशिवाय बाहेर यायला लागलं की नळी भरली. मग बूच मारायचं.

यात बिघडतं काय? पहिलं म्हणजे सळया जागेवर नसतात. पायाचं काँक्रीट ओतताना सळया धरून ठेवणारी लोखंडी प्लेट वापरली नाही तर व्हायब्रेटरच्या धक्क्याने त्या दहा-पंधरा मिलिमीटर सरकतात आणि नळीत जात नाहीत. मग कुणीतरी पाइप घालून सळई वाकवतो, किंवा गॅस कटरने कापतो. कापलेल्या सळईचा कॉलम वरून अगदी नीट दिसतो, पण त्या सांध्यात ठरवलेली ताकद नसते. सळई बसत नसेल तर काम थांबवून डिझायनरला विचारायचं, दुसरा पर्याय नाही.

दुसरं, ग्राउटमध्ये पाणी वाढवणं. एप्रिल-मेच्या उन्हात ग्राउट अर्ध्या तासाच्या आत घट्ट होऊ लागतं आणि मजूर सवयीने पाणी ओततो. पिशवीवर लिहिलंय तेवढंच पाणी, मोजून. गरज असेल तर पहाटे भरायचं आणि थंड पाणी वापरायचं. तिसरं, फटीच्या कडेतून ग्राउट गळून जाणं. वरचं भोक वाहिलं म्हणून सगळे निघून जातात आणि आत पातळी खाली बसते. दहा मिनिटांनी परत बघावं लागतं. त्याच ग्राउटचे ठोकळे काढून दाबून तपासल्याशिवाय तिरपे टेकू सोडायचे नाहीत.

मालकाने किंवा त्याच्या माणसाने साइटवर एकच काम डोळ्यांत तेल घालून बघायचं ठरवलं, तर ते हे असावं. प्रत्येक नळीला नंबर, भरल्याची वेळ, कुणी भरलं, वरून ग्राउट आलं का, फोटो. हे रजिस्टर नंतर कुठलीही मशीन तयार करून देऊ शकत नाही.

स्लॅब आणि बीमचा सांधा त्या मानाने सोपा दिसतो, पण तिथे मिलिमीटरचा खेळ आहे. बीमच्या ओट्यावर स्लॅबची टोकं किमान ७५ मिलिमीटर टेकलेली हवीत, खाली रबरी पट्टी घालून. कॉलम २० मिलिमीटर सरकला आणि स्लॅब १० मिलिमीटर आखूड निघाला, तर ७५ चे ४५ झाले. म्हणून प्रत्येक मजल्यावर टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर अचूक मोजणाऱ्या यंत्राने) मोजणी करून चूक त्याच मजल्यावर संपवायची. स्लॅब बसले की त्यांच्यामधल्या फटी ग्राउटने भरून वर जाळी टाकायची आणि ५० ते ७५ मिलिमीटर काँक्रीट ओतायचं. हा थर म्हणजे नुसता फरशीखालचा कोबा समजू नये. याच थरामुळे सुटे तुकडे एका पत्र्यासारखे काम करतात आणि भूकंपाचा किंवा वाऱ्याचा आडवा जोर कॉलम-भिंतींपर्यंत पोचतो.

भूकंप आला तर?

ही शंका रास्त आहे आणि तिला इतिहास आहे. १६ मे १९६८ रोजी लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली प्रीकास्ट इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. एक भिंत निसटली आणि त्या कोपऱ्यातले वरखालचे मजले कोसळत गेले. चार जण गेले. ७ डिसेंबर १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपात लेनिनाकानमधल्या नऊ मजली प्रीकास्ट इमारती मोठ्या संख्येने पडल्या. दोन्हीकडे कमजोरी तुकडे एकमेकांना बांधण्यात होती. आर्मेनियात पोकळ स्लॅब एकमेकांना आणि बीमना नीट बांधलेलेच नव्हते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला बसलेला धक्का रिश्टर मापावर साडेसहाच्या आसपासचा होता. भूकंपासाठीचं भारतीय मानक आयएस १८९३, त्याच्या २०१६ च्या नकाशात कोयना परिसर चौथ्या, म्हणजे गंभीर क्षेत्रात आहे. त्यामुळे पाटण-कराड पट्ट्यात इमारत करताना तीन गोष्टी मागा. बीम आणि कॉलमच्या भेटीचा सांधा ओला असावा, म्हणजे दोन्हीच्या सळया एकमेकांत गुंतवून ती जागा साइटवर काँक्रीटने भरलेली. नुसत्या वेल्डिंगच्या किंवा बोल्टच्या कोरड्या सांध्यावर सगळी भिस्त नको. लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या भिंती जागेवर ओतून घ्या, म्हणजे आडवा जोर मुख्यतः त्याच सोसतील आणि प्रीकास्ट सांगाड्यावरचा भार हलका होईल. आणि सांध्याजवळ उभ्या-आडव्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा आयएस १३९२० या भूकंपासाठीच्या सळईकामाच्या मानकाप्रमाणे जवळजवळ, १३५ अंशांत वळवलेल्या हूकांच्या हव्यात. प्रीकास्ट इमारतीच्या डिझाइन आणि उभारणीसाठी आयएस १५९१६ हे वेगळं मानक आहे. डिझायनरने ते वापरलंय का, हे विचारायला संकोच करू नका. अशा रीतीने बांधलेली प्रीकास्ट इमारत भूकंपात एकसंध इमारतीसारखीच वागते.

पावसाचं पाणी सांध्यातून येणार नाही का?

येईल, जर बाहेरच्या भिंतींच्या फटी गिलाव्याने भरल्या तर. ऊन-थंडीने पॅनल हलत राहतात, गिलावा तडकतो. या फटी १५-२० मिलिमीटरच्या ठेवून आत फोमची दोरी घालतात आणि वरून लवचीक सीलंट भरतात. सीलंटची खोली रुंदीच्या साधारण निम्मी ठेवायची. जाड थापला तर तो लवचीक राहत नाही. महाबळेश्वर-पाचगणीकडे पाऊस आडवा मारतो, तिथे सीलंटच्या मागे पाणी खाली उतरवून बाहेर काढणारी दुसरी ओळ हवीच. आणि सीलंट कायमचा नसतो. दहा-पंधरा वर्षांनी तो बदलायचा खर्च आताच धरून ठेवा.

एक चमत्कारिक गळती मात्र लोकांना चक्रावून टाकते. छत झालं, वॉटरप्रूफिंग झालं, उन्हाळा आला, तरी सीलिंगमधून थेंब पडतात. हे पाणी बांधकामाच्या वेळचं असतं. उभारणी पावसाळ्यात झाली की पोकळ स्लॅबच्या नळ्यांत पाणी साठतं आणि महिनोन्‌महिने झिरपतं. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक पोकळीला टोकाजवळ खालून बारीक भोक कारखान्यातच पाडून घ्यायचं, आणि ती भोकं उघडी आहेत का हे साइटवर सळई घालून तपासायचं.

महाग पडतं का?

चौरस फुटाचा दर नुसता शेजारी ठेवून तुलना केली तर बऱ्याचदा प्रीकास्ट महाग दिसतं. साचे, वाहतूक, क्रेन आणि डिझाइनचा खर्च वाढतो. सेंट्रिंग, गिलावा आणि मजुरी कमी होते. उरतो वेळ. व्यापारी इमारतीत तीन-चार महिने आधी भाडं सुरू होणं आणि तेवढे महिने बँकेचं व्याज कमी भरणं, हा आकडा हिशेबात घेतल्याशिवाय निर्णय करू नये. बेदाणा किंवा हळदीच्या कोल्ड स्टोअरेजला हंगाम गाठायचा असतो. तिथे दोन महिन्यांचा उशीर म्हणजे एक पूर्ण हंगाम गेला. अशा ठिकाणी थप्प्यांचं वजन जास्त असल्याने स्लॅब जाड लागतात, पण खण एकसारखे असतात. प्रीकास्टला याहून अनुकूल काम नाही.

वेडावाकडा प्लॉट, चार दुकानं आणि वर एक मजला, प्रत्येक बीम वेगळ्या लांबीचा, अशा कामाला प्रीकास्ट करू नये. एक साचा चाळीस-पन्नास वेळा वापरला गेला तरच त्याची किंमत निघते.

इथल्या गवंडी-सेंट्रिंगवाल्यांचं काय?

सेंट्रिंगचं काम घटतं, हे खरं आहे. पाया, जिन्याच्या भिंती, वरचा काँक्रीटचा थर, आतल्या विटांच्या भिंती आणि फरशी हे सगळं इथल्याच माणसांकडे राहतं. ग्राउटिंग, रिगिंग (तुकडे दोरांनी बांधून क्रेनने उचलणं) आणि मोजणीची माणसं मात्र आज बाहेरून आणावी लागतात. सातारा, कराड, सांगलीच्या आयटीआयमधून ही कामं शिकवली गेली तर तो रोजगार जिल्ह्यातच राहील. ठेकेदारांच्या संघटनांनी याचा आग्रह धरावा असं मनापासून वाटतं.

नंतर भोक पाडायचं झालं तर?

साध्या स्लॅबला ड्रिल मारताना सळई लागली तर फार बिघडत नाही. पोकळ स्लॅबमध्ये ताणलेला स्ट्रँड तुटला तर त्या तुकड्याची ताकद तिथल्या तिथे कमी होते. तारा पोकळ्यांच्या मधल्या भरीव पट्ट्यांत असतात, म्हणून लहान भोक पोकळीच्या बरोबर मध्यावर पाडता येतं. मोठं भोक, म्हणजे डक्ट, ड्रेनेजचा पाइप, लिफ्टची जागा, हे कास्टिंगच्या आधीच नकाशात हवं. प्लंबर, एसी आणि फायरच्या ठेकेदारांना म्हणूनच आर्किटेक्टच्या पहिल्या बैठकीत बसवायचं.

इमारत ताब्यात घेताना ठेकेदाराकडून प्रत्येक मजल्याचा, तारांच्या जागा दाखवणारा नकाशा मागून घ्या आणि त्याची एक प्रत इमारतीतच ठेवा. भाडेकरू बदलला, नवा एसीवाला किंवा बोर्ड लावणारा आला, की आधी तो नकाशा बघायचा, शंका असेल तर स्कॅनर फिरवायचा आणि मगच ड्रिल सुरू करू द्यायचं.